मुलाच्या तोंडून आपलंच वाक्य ऐकलं. लैंगिक हिंसा आपण सगळ्यांनी मिळून ‘चालतं’ करून ठेवलीय का?

मृणाल_लिहिते

गेले चार दिवस डोक्यात हेच चाललंय म्हणून शेवटी इथे लिहून टाकते, लांब होईल, सांभाळून घ्या.

रविवारी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो, बातम्या लागल्या होत्या, एका मुलीवर तिच्या मित्राने आणि त्याच्या दोन मित्रांनी बलात्कार केल्याची बातमी होती. मी चॅनल बदलायला रिमोट शोधत होते (हो, मुलं समोर असली की मी अजूनही हेच करते) आणि माझा सोळा वर्षांचा मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "पण ती रात्री त्याच्या रूमवर गेलीच कशाला?" अगदी सहज, पाऊस येणारे का विचारावं तसं.

मी भडकले. त्याला काय काय बोलले. तो गोंधळला बिचारा, म्हणाला अगं मी काय त्यांची बाजू घेतली का, त्यांना तर फाशीच द्यायला पाहिजे. आणि रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं की त्या ‘कशाला’वरचा हेल माझा आहे. माझाच. दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसमधल्या एका मुलीने साहेबांविरुद्ध तक्रार केली होती तेव्हा मी घरी फोनवर मैत्रिणीला म्हणाले होते, "एवढं होत होतं तर इतके दिवस गप्प बसलीच कशाला?" मुलगा तेव्हा तिथेच अभ्यास करत बसला होता, वही सुद्धा आठवतेय मला.

तर प्रश्न असा की हे नेमकं येतं कुठून? सिनेमा, सिरियल, रील्स, बातम्या, ग्रुपवरचे जोक, की आपण घरातलेच? आणि ‘समाजाने हे नॉर्मल केलंय’ असं म्हणतात ते खरं आहे का जरा जास्तच होतं? कारण बलात्कार चांगला असं कुणीच म्हणत नाही ना, उलट प्रत्येक जण फाशी द्या म्हणतो. पण तोच माणूस पुढच्या वाक्यात तिने काय घातलं होतं ते विचारतो. ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडात कशी मावतात हे मला कुणीतरी समजावून सांगा.

गार्गी_म

मृणाल, आधी मुलावर चिडू नकोस आणि स्वतःवर पण. मी मानसशास्त्र शिकवते, दरवर्षी वर्गात हे वाक्य येतंच, आणि मुलींकडून जास्त जोरात येतं. त्याच्यामागे दुष्टपणा नसतो गं, भीती असते. ती रात्री गेली म्हणून तिच्यावर वेळ आली असं एकदा ठरवलं की मी रात्री जात नाही म्हणजे माझ्यावर येणार नाही, हा हिशोब जमतो आणि जरा झोप लागते.

मेल्विन लर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९६६ मधला एक प्रयोग आहे. लोकांना एका बाईला विजेचे झटके बसताना बघायला लावलं, झटके खोटे होते, ती नाटक करत होती, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ज्यांना तिची त्यातून सुटका करता आली त्यांनी तिला फारशी नावं ठेवली नाहीत. आणि ज्यांना काहीच करता येत नव्हतं, तिचे हाल अजून चालूच राहणार असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांनी तिलाच नावं ठेवली. म्हणजे आपल्या हातात काही नाही हे सहन होत नाही, मग जिचे हाल होतायत तिच्यातच खोट काढायची, म्हणजे जग न्यायाने चालतं हा समज शाबूत राहतो.

तुझ्या मुलाची दोन वाक्यं एकाच तोंडात मावतात ती अशी. फाशी द्या म्हणणं हा राग, गेलीच कशाला म्हणणं ही भीती. आणि तो हिशोब चुकीचा आहे हे पण सांग त्याला, कारण आपल्याकडची गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षं एकच सांगते, बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो, नातेवाईक, शेजारी, मित्र, नवरा होणार असलेला, कामावरचा. मग ‘कशाला गेली’ला काही अर्थच राहत नाही, घरात कशाला राहिली असं विचारणार का?

शेवटचं_पान

मी एका दैनिकात बारा वर्षं रात्रपाळीला डेस्कवर काढली, त्यामुळे मीडियाचं काय ते मी सांगते, आमच्याच हातून झालेलं आहे.

आमची भाषा बघा आधी. पाऊस झाला, अपघात झाला, बलात्कार झाला. ‘तरुणीवर अत्याचार’ दोन कॉलमात बरोबर बसतं. करणारा वाक्यात कुठेच नाही. बातमीभर ती असते, तिचं वय, ती कुठे शिकते, किती वाजता बाहेर पडली, कुणाबरोबर होती, आई-वडील काय करतात, आणि तो शेवटच्या परिच्छेदात ‘पोलीस पुढील तपास करीत आहेत’च्या आधी एका ओळीत येतो. वाचणारा मग तिच्याबद्दलच प्रश्न विचारणार ना, आम्ही त्याला दुसऱ्या कुणाबद्दल काही दिलंच नाहीये.

अजून एक. ‘लग्नास नकार दिल्याने तरुणीवर हल्ला’. असा मथळा मी स्वतः कमीत कमी शंभर वेळा तरी लावला असेल. एका रात्री आमच्या ट्रेनी मुलीने प्रूफ हातात घेऊन मला विचारलं, ताई, ‘दिल्याने’ म्हणजे कारण ना? म्हणजे हल्ल्याचं कारण तिचा नकार? मी दहा सेकंद नुसती त्या कागदाकडे बघत बसले. कारण व्याकरणाने ती शंभर टक्के बरोबर होती. पावसाने पीक गेलं, नकार दिल्याने हल्ला झाला. आम्ही त्या रात्री ‘नकार सहन न झालेल्या तरुणाचा हल्ला’ असं केलं, मथळा जरा लांब होत होता म्हणून पॉइंट साइज कमी करावी लागली, बाकी काहीही बिघडलं नाही, पेपर वेळेत गेला.

‘एकतर्फी प्रेमातून’ हे तसंच. पाठलाग, धमक्या, शेवटी कोयता, आणि मथळ्यात प्रेम. प्रेम शब्द आला की वाचणाऱ्याच्या मनात कुठेतरी बिचारा येतोच.

आणि ‘अब्रू लुटली’. आता बऱ्याच ठिकाणी बंद झालंय पण गावोगावच्या बातम्यांत, यूट्यूब चॅनलवर अजून सर्रास चालतं. गुन्हा त्याने केला आणि अब्रू तिची गेली, हे एका शब्दात आम्ही रोज छापत होतो. सोबत चित्र काय, तर गुडघ्यात डोकं घालून, केस पुढे आलेली, तोंड लपवून बसलेली मुलगी. ओळख उघड करायची नाही हा कायदा आहे आणि तो हवाच, पण चेहरा न दाखवता दुसरं काहीही दाखवता येतं की, पोलीस ठाण्याची पाटी दाखवा, कोर्टाची इमारत दाखवा. तोंड तिनेच लपवायचं हे आम्ही का सांगायचं?

पावसाळी

+१ वरच्या प्रतिसादाला. ‘छेडछाड’ पण घ्या त्या यादीत. लहानपणी भावंडं एकमेकांची छेड काढायची, तोच शब्द बसमध्ये अंगाला हात लावणाऱ्यासाठी. शब्दच असा की तक्रार करणारी उगाच कांगावा करते असं वाटावं.

अमोल_७९

माझं मत वेगळं आहे आणि ते राग न धरता वाचावं ही विनंती.

मी पस्तीस वर्षं सिनेमे बघतोय. आमच्या लहानपणी तर प्रत्येक दुसऱ्या सिनेमात व्हिलन तो सीन करायचाच. मी, माझे मित्र, माझे भाऊ, कुणीही कधी कुणाच्या वाटेला गेलो नाही. ज्याला करायचं तो करतो कारण तो तसा आहे आणि त्याने ते ठरवून केलंय. समाजाने केलं, सिनेमाने केलं म्हटलं की त्याच्या डोक्यावरचं ओझं सगळ्यांत वाटलं जातं आणि तो मोकळा होतो. हे मी एकटाच म्हणत नाहीये, अमेरिकेत लैंगिक हिंसाचाराच्या पीडितांसाठी काम करणारी रेन नावाची मोठी संस्था आहे, त्यांनी २०१४ मध्ये व्हाइट हाउसच्या समितीला हेच कळवलं होतं की सगळा दोष संस्कृतीवर टाकण्याकडे कल वाढलाय आणि त्यात मूळ मुद्दा हरवतोय, बलात्कार हा थोड्या लोकांनी जाणीवपूर्वक केलेला गुन्हा आहे. ते तर पीडितांच्याच बाजूचे लोक आहेत ना.

मला दोन मुली आहेत. मला त्यांना सांगावंच लागतं की उशीर करू नका. याला कुणी दोष देणं म्हणत असेल तर मी काय करू? उद्या काही झालं तर तुम्ही येणार आहात का.

संदीप_के

अमोलदादा, तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो की करणारा तोच जबाबदार. पण व्हिलनचा सीन बघून आपण बिघडलो नाही कारण तो व्हिलन होता, शेवटी मार खायचा. मला जास्त त्रास हिरोचा होतो.

ते गाणं आठवा (कुठलंही घ्या, एक नाही, शेकडो आहेत). ती सायकलवरून चाललीय, हा चार मित्र घेऊन रस्ता अडवतो, ओढणी ओढतो, ती रागावते, पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात ती पळते, हा प्रत्येक वळणावर उभा. आणि तिसऱ्या कडव्याला ती हसते. आम्ही दहावीत असताना वर्गातला एक जण एका मुलीच्या मागे तिच्या घरापर्यंत जायचा, रोज, सहा महिने, आणि आम्ही सगळे तिसऱ्या कडव्याची वाट बघत होतो. खरंच सांगतो, आम्हाला कुणालाच वाटलं नाही की ती घाबरली असेल. तिने क्लास बदलला तेव्हा आम्ही म्हणालो, भाव खाते. आज तिचा विचार आला की पोटात कसंतरी होतं.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात एका भारतीय तरुणावर दोन बायकांचा पाठलाग केल्याचा खटला चालला तेव्हा त्याच्या वकिलाने कोर्टात हेच मांडलं होतं की हिंदी सिनेमे बघून त्याला असा पाठपुरावा करणं म्हणजे प्रेम असं वाटत होतं. तो तुरुंगात न जाता सुटला. मला ते सुटणं अजिबात पटलेलं नाही, पण एखाद्या वकिलाला ते कोर्टात गंभीरपणे मांडावंसं वाटतं यावरूनच कळतं की त्यात काहीतरी आहे.

आणि मुलींना उशीर करू नका सांगण्याबद्दल, मी पण सांगतो, माझी बहीण आहे. पण मी घरात कधी ऐकलं नाही की मला कुणी बसवून सांगितलं, तिने नको म्हटलं तर विषय तिथे संपला, दारू प्यायलेली असेल तर काहीही बोलली तरी ती हो नाही. तिला नियमांची वही आणि मला एक ओळ पण नाही.

सुजाता_वकील

समाज काय समजतो ते कोर्टात येऊन बसतं, म्हणून मी त्या बाजूने लिहिते.

आपल्याकडचा मथुरा खटला बहुतेकांना नावाने माहीत असतो. १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, मथुरा नावाची एक अल्पवयीन आदिवासी मुलगी, दोन पोलीस. सेशन्स कोर्टाने सोडलं, म्हटलं तिला शरीरसंबंधाची सवय होती. हायकोर्टाने शिक्षा दिली. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती होती. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, पोलिसांसमोर. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यातला मुद्दा साधा होता, निमूटपणे सहन करणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशभर आंदोलनं झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तरी बलात्काराच्या खटल्यात तिचं एकूण चारित्र्य वाईट आहे असं दाखवून तिची साक्ष खोटी पाडायची सोय पुरावा कायद्यात २००३ पर्यंत होती. आमच्या सीनियर वकिलांनी ती वापरलेली मी बघितलीय, आरोपीचं चारित्र्य मात्र कुणी विचारायचं नाही.

आणि हे फक्त आपल्याकडे असं नाही. इटलीत ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाने अठरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केल्याची केस होती, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या निकालात म्हटलं की तिने घट्ट जीन्स घातली होती, ती तिच्या मदतीशिवाय निघूच शकत नाही, म्हणजे तिने मदत केली. निकाल बाहेर आल्यावर तिथल्या महिला खासदार जीन्स घालून संसदेत आल्या. २००८ मध्ये त्याच कोर्टाने हे जीन्सचं तर्कट मोडीत काढलं. आयर्लंडमध्ये २०१८ मध्ये बचावाच्या वकिलाने मुलीने कुठल्या प्रकारची अंतर्वस्त्रं घातली होती याकडे ज्यूरीने बघावं असं म्हटलं, त्यावर तिथल्या एका महिला खासदाराने सभागृहात तशीच चड्डी हातात धरून दाखवली. एकीकडे फार झाकणारे कपडे म्हणून संमती, दुसरीकडे फार कमी झाकणारे म्हणून संमती. म्हणजे मुद्दा कपड्यांचा नव्हताच.

‘ओरडली का नाही’ याचं उत्तर डॉक्टरांकडे आहे. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर महिनाभरात तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातल्या ७० टक्के बायकांनी सांगितलं की त्या वेळी शरीर गोठलं, हलता येईना, आणि जवळजवळ निम्म्यांना ते फार तीव्र झालं होतं. हे ठरवून होत नाही, प्राण्यांचं होतं तसंच होतं. मी आता प्रत्येक क्लायंटला हे आधी सांगते, कारण ‘मी ओरडले का नाही’ हा प्रश्न कोर्टाच्या कितीतरी आधी ती स्वतःला विचारून विचारून थकलेली असते.

शेवटचं_पान

अमोलजींनी ‘तो तसा आहे’ म्हटलं त्यावर एक राहिलं. आम्ही ‘नराधम’ लिहितो ना, ते पण आता मी टाळते. नराधम म्हटलं की तो कुणीतरी वेगळा, आपल्यातला नाही. २०२४ मध्ये फ्रान्समध्ये अविन्यों शहरात जो खटला चालला, जिझेल पेलिको यांचा, नवरा वर्षानुवर्षं त्यांना औषध देऊन बेशुद्ध करायचा आणि इंटरनेटवरून परके पुरुष घरी बोलवायचा, त्यात नवऱ्यासकट ५१ जण दोषी ठरले, नवऱ्याला २० वर्षं. ते ५० जण कोण होते? अग्निशामक दलातला, नर्स, ट्रक ड्रायव्हर, पत्रकार, सैनिक. बायका-मुलं असलेले, शेजाऱ्यांशी नीट वागणारे. त्यातले बरेच जण कोर्टात म्हणाले की नवऱ्याने परवानगी दिली होती म्हणजे चालतं असं आम्हाला वाटलं. हे वाटणं त्यांच्या एकट्याच्या डोक्यात उगवलं का? बेशुद्ध बाईची संमती तिचा नवरा देऊ शकतो, हे त्यांना कुणीतरी, कुठेतरी, न बोलता शिकवलंय.

पेलिको बाईंनी स्वतःचं नाव लपवायचं नाकारलं आणि खटला उघड चालवायला लावला, म्हणाल्या लाज आता दुसऱ्या बाजूला गेली पाहिजे. ‘अब्रू लुटली’ला याहून चांगलं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

नाव_नको

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय, वेगळा आयडी काढून.

अमोलदादांना सांगायचंय. मी आठवीत असताना एका क्लासला जायचे. तिथले सर. आमच्यात एक नियम होता, मोठ्या मुली लहान मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगायच्या, पहिल्या बाकावर कडेला बसायचं नाही, बसावंच लागलं तर दप्तर मांडीवर घ्यायचं, वही तपासायला एकटीने जायचं नाही, दोघींनी जायचं. आम्ही तो नियम असा पाळायचो जसा रांगेत उभं राहायचा नियम पाळतात. कुणी कधी म्हटलं नाही की हे चुकीचं चाललंय. मला वाटायचं सर असेच असतात, काही सर मारतात, काही सर असे असतात.

मी एकदा एकटी अडकले. घरी आईला सांगितलं तेव्हा ती पहिलं वाक्य म्हणाली, "तुला सांगितलं नव्हतं का दप्तर मांडीवर घे म्हणून?"

तिला माहीत होतं. म्हणजे सगळ्या आयांना माहीत होतं. कुणीच वाईट नव्हतं, आई रात्रभर माझ्याजवळ बसून होती, पण दुसऱ्या दिवशी ठरलं की बोलायचं नाही कारण दहावीच्या मुलींची परीक्षा जवळ आलीय, सर चांगलं शिकवतात, आणि मुलीचं नाव होईल. सर नंतर अकरा वर्षं शिकवत होते.

दादा, सिनेमा बघून कुणी बलात्कारी होत नाही हे मान्य. पण त्या सरांना पक्कं माहीत होतं की इथे काही होणार नाही. हे त्यांना आमच्या दप्तरांनी सांगितलं होतं. रोज वीस मुली दप्तर मांडीवर घेऊन बसायच्या, ते त्यांना दिसत होतं.

अमोल_७९

ताई, मी हे तीन वेळा वाचलं. काही उत्तर नाही माझ्याकडे. मी माझ्या मुलींना सांगतो ते आणि तुमच्या आईने सांगितलं ते एकच आहे, हे मला आज दिसलं. सांगणं मी थांबवू शकणार नाही बहुतेक, भीती वाटते. पण त्यांच्यावर कधी वेळ आली तर माझ्या तोंडून पहिलं वाक्य ते येऊ नये एवढं मला आता कळलंय.

संदीप_के

मुलांचं पण बोलूया जरा, कारण इथे सगळे मुली म्हणतायत. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये मुलांवरच्या अत्याचारांचा देशभराचा अभ्यास काढला होता, त्यात ५३ टक्के मुलामुलींनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं आणि त्यांच्यात निम्म्याहून जास्त मुलगे होते. पण मुलाच्या बाबतीत झालं की तो जोक होतो. तुरुंगात गेला की कळेल त्याला, साबण पडला की काय होतं ते, हे आपण हसत हसत बोलतो, बलात्काऱ्याला शिक्षा म्हणून बलात्कारच सुचवतो. मी आमच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात असा एक जोक आला तेव्हा लिहिलं की हे नको यार. बाकी काही नाही, एवढंच. अर्धा तास कुणीच काही बोललं नाही, मग एकाने मला वेगळा मेसेज करून सांगितलं की त्याच्यासोबत होस्टेलला काय झालं होतं. पंधरा वर्षं मित्र आहोत आम्ही. तो त्या सगळ्या जोकवर आमच्यासोबत हसत आलाय.

मृणाल_लिहिते

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ‘नाव_नको’, तुझ्याबद्दल काय लिहू कळत नाही, तू लिहिलंस याचं फार मोल आहे.

काल मुलाशी बोलले. भाषण द्यायचं नाही असं ठरवून बसले होते. त्याला आधी माझं ते ऑफिसच्या मुलीबद्दलचं वाक्य सांगितलं आणि म्हटलं ते चुकीचं होतं, तिला नोकरी जाईल अशी भीती होती म्हणून ती गप्प होती आणि मला ते माहीत असून मी तसं बोलले. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, आई तुला एक दाखवू का, रागावणार नाहीस ना.

वर्गातल्या मुलांचा एक ग्रुप आहे. त्यात मुलींचे फोटो टाकून दहापैकी मार्क देतात, ते वर्षभर चालूय. आणि पंधरा दिवसांपूर्वी एका मुलीचा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या उघड्या फोटोवर लावून कुणीतरी टाकलाय, एआय वापरून. एकोणतीस मुलं आहेत. बावीस जणांनी हसण्याची इमोजी टाकलीय. माझ्या मुलाने टाकली नाही पण तो बाहेरही पडला नाही, म्हणाला बाहेर पडलो तर सगळ्यांना दिसतं कोण बाहेर पडलं ते.

ती मुलगी पाचवीपासून आमच्या घरी येते. तिला माहीत नाहीये. मी काय करू?

सुजाता_वकील

मृणालताई, घाईत काही करू नका पण फार दिवसही घालवू नका. पहिलं, तो फोटो स्वतःकडे सेव्ह करू नका, स्क्रीनशॉट काढू नका, मला किंवा कुणालाही पुरावा म्हणून पाठवू नका. मुलगी अठराच्या आतली आहे, तो फोटो बनवलेला असला तरी तो बाळगणं आणि पुढे पाठवणं दोन्ही गुन्ह्यात येऊ शकतं. ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ कागदावर लिहून ठेवा. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर करता येते, १९३० नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, मुलांसाठी १०९८. अल्पवयीन मुलांचे असे फोटो हटवायला ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे, त्यात फोटो अपलोड करावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक कोड तयार होतो आणि फक्त तो कोड सहभागी साइट्सकडे जातो. ते तिने आणि तिच्या घरच्यांनी मिळून करायचं.

शाळेला सांगावं लागेलच, पण तिच्या घरच्यांच्या आधी शाळेला नको. आणि तुमच्या मुलाला त्या ग्रुपमधून आज लगेच बाहेर काढू नका, माहिती लिहून झाल्यावर काढा.

मृणाल_लिहिते

कळलं. तिच्या आईशी बोलायचं ठरवलंय. पण मुलीसमोर सुरुवात कशी करू? ‘नाव_नको’, तुला त्रास होणार असेल तर उत्तर देऊ नकोस, पण तुला विचारावंसं वाटलं.

नाव_नको

नाही होत त्रास. मला काय हवं होतं ते सांगते. आईने काहीही विचारायच्या आधी, तू काही केलं नाहीस, त्याने केलं, एवढं म्हणायला हवं होतं. मग गप्प बसायचं. तो फोटो कुठून घेतला, तू तुझे फोटो टाकतेस का, अकाउंट प्रायव्हेट का नाही, हे आज नाही, उद्या पण नाही. आणि कुणाकुणाला सांगायचं ते तिला विचारून, आमच्या घरी सगळं माझ्या डोक्यावरून ठरलं होतं, मी दारात उभी राहून ऐकत होते.

आणि बावीस जणांनी इमोजी टाकली हे तिला लगेच सांगू नका. पण सात जणांनी टाकली नाही हे विचारलं तर सांगा.

मृणाल_लिहिते

आज संध्याकाळी जाऊन आलो, मी आणि मुलगा. मी त्याला चल म्हटलं नव्हतं, तो स्वतः बूट घालून दारात उभा होता. तिच्याशी आधी तोच बोलला, म्हणाला मी पंधरा दिवस गप्प बसलो, सॉरी. पुढे काय झालं ते तिचं आहे, इथे लिहीत नाही. सुजाता, तुम्हाला मेसेज केलाय, उद्या सकाळी दहाला तिच्या आई-बाबांना घेऊन फोन करते.